पुणतांब्यातील पहिला धडा
दौंड–मनमाड लोहमार्गावरचे पुणतांबा हे गोदाकाठचे गाव चांगदेवांच्या समाधीसाठी प्रसिद्ध आहे. १४०० वर्षे जगल्याची आख्यायिका असलेल्या या योग्याने अखेर वयाने कितीतरी लहान मुक्ताबाईंना गुरू मानले. गावी मुक्कामास असताना मी प्रथमच योगवर्गात बसलो, तेव्हा ही कथा आठवली.

रुग्णांना पंचवीस वर्षे योगाचा सल्ला देणारा मी. वज्रासनात गुडघे कुरकुरले. शेजारच्या आजी खुर्चीवर बसून संथपणे हात वर करीत होत्या. मी मात्र अभिमानापोटी श्वास रोखून खाली वाकलो आणि उठताना भोवळ आली. मुलीच्या वयाची शिक्षिका म्हणाली, “डॉक्टर, श्वास सोडा. खुर्ची घ्या.” मी घेतली.

आपणही संकोच करू नये. जोर लावताना श्वास रोखल्यास रक्तदाब एकाएकी वाढतो. काचबिंदू असल्यास डोके खाली जाणारी आसने टाळावीत. हाडे ठिसूळ असल्यास पाठ वाकवून पुढे झुकू नये. घरच्यांनी सुरुवातीस सोबत बसावे.

वर्ग सुटताना आजींनी विचारले, “उद्या येणार ना?” मी होकार दिला आणि खुर्ची त्यांच्या खुर्चीशेजारी लावून ठेवली.