जोडी फोडायची नसते

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटची. 'एकोणसत्तर' म्हणजे नक्की किती, हे मला अजूनही मनात मोजून बघावं लागतं. तेव्हा चुका पोटात घाला!

आजोबा मुंबईत टॅक्सी चालवायचे. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी, १९९९ ची. वीस वर्षांची मुदत भरली तशी गाडी २०१९ मध्ये भंगारात गेली, पण इंजिन तेवढं आजोबांनी काढून गावी आणलं. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या संपल्या, तरी आमचं इंजिन पडवीत पोत्याखाली झोपूनच होतं. गेल्या सुट्टीत मी जाहीर केलं, "हे मी चालू करणार." आय. सी. इंजिन्समध्ये मार्क चांगले होते ना!

१०८९ सीसी, चार सिलिंडर, बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. सगळं पाठ. पण पुस्तकातलं इंजिन स्वच्छ असतं आणि आमच्यावर वीस वर्षांची काजळी! पार्ट रॉकेलने धुतले, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले, लेथवाल्याकडून बोअर मोजून आणले, नव्या रिंगा, नवी बेअरिंग घातली. ऐटीत बोल्ट आवळले... आणि क्रँक जाम! तसूभर हलेना.

दोन दिवस मी पुस्तक चाळत बसले. मोतीबिंदूमुळे आजोबांना धड दिसत नाही. खुर्चीतूनच त्यांनी विचारलं, "जोड्या फोडल्यास का गं?"

कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र बोअर करतात. एकाची कॅप दुसऱ्याला लावली की गोलाई केसभर चुकते आणि क्रँक आवळला जातो. मी चारही कॅप एकाच घमेल्यात टाकल्या होत्या. (लॅबमध्ये इंजिन खोलणाऱ्यांनो, आधी खुणा करा!)

पुन्हा सगळं खोललं. रॉडवर नंबर ठोकलेले होते, काजळीखाली. मी खरवडत होते, आजोबा अंगठ्याने चाचपून नंबर सांगत होते. याच इंजिनाने माझी कॉन्व्हेंटची फी भरली, हे तेव्हा पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं. न राहवून बोलून गेले, "आजोबा, मी तुम्हाला शाळेच्या गेटपर्यंत येऊ द्यायचे नाही. मैत्रिणी गाडीतून यायच्या, म्हणून पोट दुखतंय, चालायचंय, काहीही सांगून कोपऱ्यावर उतरायचे."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "म्हणून तर नंतर मीच कोपऱ्यावर थांबायला लागलो. हा तीन नंबर. धर."

मी धरला. पुढे कोणीच काही बोललं नाही.

आठ दिवसांनी अंगणात, लाकडी चौकटीवर, शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर इंजिन सुरू झालं. आधी धूर, मग खोकला, मग तो ओळखीचा आवाज! आजोबा डोळे मिटून ऐकत राहिले.

"टॅपेट वाजतायत," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "चल, मीटर टाक. गेटपर्यंत सोडतो."