चोवीस तासांचा कॅन

कॅनच्या लेबलवर त्याने स्वतःच नाव लिहिलं होतं. आमच्या टेक्निशियनला ते लागेना, म्हणून तो कॅन घेऊन माझ्याकडे आला. पहिलं अक्षर बऱ्यापैकी, पुढची एकमेकांवर चढलेली, शिरोरेषा पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरलेली. मुलगा बारावीतला. त्याच्या दीड वर्ष आधी वहीतलं अक्षर बिघडलं तेव्हा शाळेनं त्याला आळशी ठरवलं. मग जीभ जड झाली, लाळ गळायला लागली, चिडचिड वाढली, तेव्हा मनाच्या आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या. हाताला कंप सुटल्यावर घरचे त्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी दोन तपासण्या लिहून दिल्या: रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन आणि चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं.

मी बायोकेमिस्ट्रीची डॉक्टर. हालचालींचे बहुतेक आजार माझ्या यंत्रांवर ओळखता येत नाहीत, हे आधीच सांगते. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सननं कंपवाताचं वर्णन केलं ते सहा रुग्णांवरून, आणि त्यातले काही तर त्यानं नुसते रस्त्यात पाहिलेले. आजही पार्किन्सनचं निदान होतं ते रुग्णाला चालायला लावून, बोटं आपटायला लावून, मनगट फिरवून. रक्त आमच्याकडे येतं ते बहुधा दुसरं काही नाही ना, एवढं पाहायला. कित्येकदा त्या रक्तापेक्षा रुग्णाची गोळ्यांची पिशवी जास्त बोलते. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमधलं लेव्होसल्पिराइड महिनोन्‌महिने पोटात गेलं की हुबेहूब पार्किन्सनसारखा ताठरपणा येऊ शकतो.

विल्सनच्या आजाराचं मात्र तसं नाही. तिथे प्रयोगशाळेवाचून पान हलत नाही. १९१२ साली किनिअर विल्सननं हा आजार मांडला. आपण खातो त्या अन्नातलं जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. तेराव्या गुणसूत्रावरचं एटीपी७बी हे जनुक आई आणि वडील दोघांकडून सदोष आलं, तर ते काम थांबतं. तांबं आधी यकृतात साठतं, मग मेंदूत, हालचालींना लगाम घालणाऱ्या केंद्रांमध्ये. या मुलाचे आईवडील आतेमामे भावंडं. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अजून आहे, म्हणून हा प्रश्न मी हमखास विचारते.

आता यातला चकवा. या मुलाची कुठेतरी आधीच रक्ततपासणी झाली होती आणि रिपोर्टवर ‘सीरम कॉपर’पुढे ‘लो’ छापलेलं होतं. कोणी त्याचा अर्थ सांगितला नाही. घरच्यांनी तो सरळ घेतला: पोराच्या अंगात तांबं कमी आहे. आजीनं माळ्यावरचा तांब्याचा हंडा काढला, चिंचेनं घासून लख्ख केला, आणि चार महिने रात्रभर त्यात ठेवलेलं पाणी नातवाला सकाळी अनशापोटी दिलं.

रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाला बांधलेलं असतं. शुद्ध करून पाहिलं तर हे प्रथिन सुंदर निळं दिसतं. विल्सनच्या आजारात तेच कमी पडतं, म्हणून अंगात तांबं तुडुंब असताना रक्तातला आकडा खाली दिसतो. आजी माझ्यासमोर बसून म्हणाल्या, “बाई, मीच पाजलं की हो त्याला.” मी त्यांचा हात धरून सांगितलं, हंडा माळ्यावरच राहिला असता तरी हा आजार झालाच असता, तो जन्मतःच त्याच्याबरोबर आलाय. हे खरंच होतं. पण त्या रिपोर्टखाली कोणी एक ओळ लिहिली असती तर चार महिने वाचले असते. त्या दिवसापासून आमच्याकडून एकटा सीरम कॉपरचा आकडा टिपणीशिवाय बाहेर जात नाही.

सेरुलोप्लाझ्मिनवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. डेसिलिटरमागे साधारण २० ते ४० मिलिग्रॅम हा त्याचा नेहमीचा पल्ला. पण अंगात ताप-सूज असली, गर्भारपण असलं तर ते वाढतं आणि आजार झाकला जातो. कुपोषणात किंवा मूत्रपिंडातून प्रथिनं गळत असतील तर ते आजाराविनाही घटतं. म्हणून तो कॅन. आम्ही तो आम्लानं धुऊन देतो आणि घरच्यांना बसवून समजावतो: सकाळची पहिली लघवी टाकून द्या, ती वेळ लिहून ठेवा, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी, एकही न चुकवता, यात. धातूचं भांडं मध्ये आणायचं नाही. एक वेळची लघवी बाहेर गेली की आकडा खोटा पडतो, म्हणून आम्ही क्रिएटिनिनही मोजून पाहतो. चोवीस तासांत १०० मायक्रोग्रॅमच्या वर तांबं गेलं की संशय पक्का होत जातो. या मुलाचं २६० निघालं, सेरुलोप्लाझ्मिन ६. नेत्रविभागात स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं दिसलं.

या आजाराला औषध आहे, म्हणून मी इतकी हट्टी आहे. १९५६ साली जॉन वॉल्श यांनी पेनिसिलामाइन दिलं, ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. झिंक आतड्यातच तांबं अडवतं. पेनिसिलामाइन सुरू करताना कंप काही काळ वाढूही शकतो, तेव्हा घरच्यांना धीर द्यावा लागतो. औषधाविना मात्र हा आजार जीव घेतो. चाळिशीच्या आत कोणाचा हात थरथरला, मान वळली, बोलणं बिघडलं, तर विल्सन नाही हे सिद्ध होईपर्यंत थांबू नये.

दिवाळीला परदेशातून आलेली मुलं हल्ली मोबाइलवर बातमी दाखवतात, “पार्किन्सनची टेस्ट निघाली, बाबांची करा.” बातमी खरी आहे. पार्किन्सनमध्ये अल्फा-सायन्युक्लिन हे प्रथिन चुकीची घडी घेतं आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच घडी घालतं. पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून चांगल्या प्रथिनात मिसळायचं, दुधाला विरजण लावावं तसं. आत बिघडलेला कण असेल तर सगळं विरजतं आणि घातलेला रंग चमकतो. २०२३ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त १,१२३ जणांवरचा अभ्यास आला. त्यात पार्किन्सनच्या ८७.७ टक्के रुग्णांत ही चाचणी लागली, आणि ९६.३ टक्के निरोगी माणसांत ती लागली नाही. एलआरआरके२ जनुकात दोष असलेल्या रुग्णांत मात्र ती ६७.५ टक्क्यांतच लागली. २०२४ मध्ये त्वचेच्या तुकड्यातून हेच प्रथिन शोधण्याचा अभ्यास आला. पण ते मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफीतही सापडतं, आणि त्या आजाराची वाट वेगळी, जास्त कठीण.

लक्षणं दिसण्याआधीच माणसं ओळखून त्यांच्यावर नवी औषधं तपासायची, तर या चाचण्यांवाचून गत्यंतर नाही. त्यासाठी मला त्या मनापासून हव्या आहेत. पण सत्तरीचे बाबा लेव्होडोपावर नीट चालताहेत, तर त्यांच्या पाठीत सुई घालून उपचारात तसूभरही फरक पडणार नाही, हे मी त्या मुलांना सांगते. आणि इथे सेरुलोप्लाझ्मिनसारखी साधी तपासणी दीड वर्ष कोणी लिहून देत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

रिपोर्ट दिला तेव्हा मी आईला विचारलं, अजून मुलं? एक धाकटी, नववीत, ठणठणीत. भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. आई तयार होईना, एकाचं ऐकून झालं होतं, दुसरं ऐकायची ताकद नव्हती. आजीच तिला घेऊन आल्या. तिचंही सेरुलोप्लाझ्मिन कमी निघालं, लघवीत तांबं जास्त, पुढे जनुकाची तपासणीही जुळली. त्याच महिन्यात झिंक सुरू झालं.

भावाचं बोलणं बरंचसं सुधारलंय, अक्षर पूर्ण नाही. ती आता नोकरी करते. तपासणीची वेळ आली की कापडी पिशवीत कॅन घालून येते. तिचा हात अजून एकदाही थरथरलेला नाही. लेबल काउंटरवर उभ्याउभ्याच लिहिते, नाव, तारीख, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ.