पीडीएफ फॉरवर्ड केली तर केस होते का?

आमच्या गावातल्या अभ्यासिकेत बसणारी पोरं गेल्या आठवड्यापासून एकच प्रश्न विचारतायत. "सर, टेलिग्रामवरच्या नोट्स पुढं पाठवल्या तर खरंच केस होते का?" कुणीतरी ग्रुपवर घाबरवणारा मेसेज टाकलाय. एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथंच लिहितो. पोस्ट लांब आहे, पण पूर्ण वाचा.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून हक्कभंग केला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं. म्हणजे हो, केस होऊ शकते. पण त्याच कलमात एक परंतुक आहे. धंद्यातल्या कमाईसाठी केलेलं नसेल तर कोर्ट तशी खास कारणं नोंदवून यापेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. वाटणारा आणि विकणारा यांत फरक आहे, हे कायद्यालाही कळतं. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

हा फरक विसरला की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. नॅपस्टर कोर्टाच्या दणक्यानं २००१ मध्ये बंद पडलं, तर लोक कझावर गेले. मग सप्टेंबर २००३ मध्ये तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं थेट गाणी शेअर करणाऱ्यांवरच एका दमात २६१ दावे ठोकले. मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. आपल्याकडं बसस्टँडसमोर एमपीथ्रीच्या सीड्या राजरोस विकल्या जायच्या, आणि तिकडं न्यूयॉर्कमधल्या बारा वर्षांच्या मुलीवर दावा! तिच्या आईनं २ हजार डॉलर भरून तडजोड केली.

मिनेसोटातल्या एका बाईनं तडजोड नाकारली. प्रकरण २४ गाण्यांचं. २००७ मध्ये ज्युरीनं भरपाई ठरवली २ लाख २२ हजार डॉलर. फेरसुनावणीत ती झाली १९ लाख २० हजार, तिसऱ्यांदा १५ लाख. शेवटी २०१२ मध्ये वरच्या कोर्टानं पुन्हा २ लाख २२ हजारांवर आणली. एका गाण्याला सव्वानऊ हजार डॉलर! पाच वर्षांत अशी सुमारे ३५ हजार लोकांवर कारवाई झाली आणि २००८ च्या अखेरीस कंपन्यांनीच हा मार्ग सोडला. फाइल शेअरिंग काही थांबलं नव्हतं. ॲपलनं ९९ सेंटला एक गाणं विकायला सुरुवात केली, पुढं महिन्याच्या वर्गणीत हवं ते ऐकता येऊ लागलं, तेव्हा कुठं लोक खिशात हात घालायला लागले.

आपल्याकडचे दोन दावे मला जास्त शहाणपणाचे वाटतात. लॉकडाऊनमध्ये 'जागरण'चा ई-पेपर रोज टेलिग्राम चॅनेलवर पीडीएफ होऊन फिरत होता. मे २०२० मध्ये दिल्ली हायकोर्टानं ती चॅनेल बंद करायला आणि चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. दुसरा दावा दिल्लीतल्या स्पर्धा परीक्षांच्या एका शिक्षिकेचा. त्यांची लेक्चर्स आणि पुस्तकं टेलिग्रामवर फिरत होती. आमचे सर्व्हर सिंगापूरला आहेत, माहिती देता येणार नाही, असा टेलिग्रामचा पवित्रा होता. ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टानं तो धुडकावला आणि चॅनेल चालवणाऱ्यांचे फोन नंबर, ईमेल, आयपी ॲड्रेस मागवले. पीडीएफ उघडून वाचणाऱ्या हजारो पोरांच्या मागं कुणी लागलं नाही. जिथून माल सुटतो, तिथं हात घातला.

हे मला जवळचं वाटतं, कारण दोन्ही बाजूची माणसं माझ्या ओळखीची आहेत. गावातल्या एका शिक्षकानं वर्षभर खपून गणिताचा व्हिडिओ कोर्स केला, ९९९ रुपयांना. पंधरा दिवसांत कुठल्याशा चॅनेलवर तोच कोर्स ४९ रुपयांना. सरांनी रेकॉर्डिंग बंद केलं. आता ते दुसऱ्याच्या क्लासवर तासिका घेतात. आमच्या पेपरचंही तेच. विक्रेत्याची सायकल गल्लीत शिरायच्या आत पीडीएफ चार ग्रुपवर पडलेली असते. अंक कमी झाला की आधी कात्री लागते ती तालुक्याच्या पानाला, म्हणजे माझ्याच पानाला.

पण त्याच अभ्यासिकेत ऊसतोड मजुराचा पोरगाही बसतो. ९९९ रुपये म्हणजे त्याच्या महिन्याच्या मेसचा मोठा हिस्सा. त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि ४९ रुपयांत दुसऱ्याचे कष्ट विकणाऱ्याला 'गरिबांचा कैवारी' म्हणायलाही रेटत नाही.

म्हणून पोरांनो, सरळ सांगतो. बालभारती आणि एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या साइटवर अधिकृतपणे फुकट मिळतात, ती बिनधास्त उतरवा. चोरलेले कोर्स विकणाऱ्या चॅनेलला एक रुपयाही देऊ नका, आणि असलं चॅनेल स्वतः चालवायच्या फंदात तर अजिबात पडू नका.

आणि मोठ्यांनो, आपल्या वाचनालयाला सरकारी अनुदान मिळतं. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे दोन-तीन संच तिथं हवेत, एवढी मागणी आपण करू शकतो. पत्र मी लिहून ठेवलंय. सोमवारी संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर सह्या घेतोय. जमेल त्यांनी या.