माजघरातली तुळई

काही वर्षांपूर्वी कोकणातले आमचे वडिलार्जित घर उतरवायचे ठरले. वखारवाल्याने माजघरातली सागवानी तुळई ठोकून पाहिली आणि किंमत सांगितली. आजोबांचे सबंध घर जेवढ्यात उभे राहिले, त्याच्या कितीतरी पट! रुपया स्वस्त झाला हे जमेस धरले, तरी आकडा थक्क करणारा होता. "असा जून साग आता मिळत नाही, मास्तर," तो म्हणाला. मी दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली.

त्याच सुटीत आम्ही उभयता केरळात निलंबूरला गेलो. चालियार नदीकाठी तिथे सागाची फार जुनी लागवड आहे. मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी १८४०च्या दशकात चातू मेनन यांच्या देखरेखीखाली ती करविली. त्यापूर्वी मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी इंग्रजांच्या आरमारासाठी मलबारी सागाची जहाजे बांधीत. १८१७ सालचे त्यांचे 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. पण या मागणीपायी बेसुमार तोड झाली, नदीकाठची अरण्ये विरळ झाली. म्हणून कॉनोलीसाहेबांनी उद्याच्या जहाजांसाठी रोपे लावली.

गंमत अशी, की साग तयार व्हायला साठ-सत्तर वर्षे लागतात. तोवर जहाजे लोखंडाची झाली! तरी साग काही स्वस्त झाला नाही. जहाजे गेली, पण आगगाडीचे डबे, इमारती, दारे-खिडक्या यांनी त्यांची जागा घेतली. भाव चढला की गिरणी जादा पाळी लावते. झाड मात्र आपल्याच चालीने वाढते. त्यात २०१४ साली म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबविली.

एका बुंध्याला हात लावून सौभाग्यवती म्हणाली, "लावणाऱ्याने यांची एक फळी तरी पाहिली असेल का हो?" नाही. कॉनोली १८५५ साली मारले गेले, तेव्हा ही झाडे पोरसवदा होती.

परत येताच धाकट्या भावाला कळविले, तुळई विकायची नाही. स्लॅबच्या खर्चाला तेवढाच हातभार लागला असता, म्हणून तो जरा खट्टू झाला. आता नव्या घराच्या ओटीवर तिलाच झोपाळा टांगला आहे, आणि त्यावर पहिला हक्क त्याच्याच नातीचा!

वखारवाला दर दिवाळीला फराळाला येतो, वर पाहतो, आणि वाढलेला भाव सांगून जातो.