काळाचं काढावं, माणसांचं ठेवावं

जुलै १९८१ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरातून हिब-टोन नावाच्या एका छोट्या कंपनीनं सात इंची तबकडी काढली. एका बाजूला ‘रेडिओ फ्री युरोप’ आणि दुसऱ्या बाजूला ‘सिटिंग स्टिल’ अशी दोन गाणी तीवर होती. ती वाजवणारे मायकेल स्टाइप, पीटर बक, माइक मिल्स आणि बिल बेरी हे चौघे त्याच जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावातले, आदल्या वर्षी एकत्र आलेले. बँडचं नाव आर.ई.एम. पहिल्या खेपेला हजार प्रती निघाल्या, मागणी आली तेव्हा आणखी सहा हजार. पुढे ज्याला अल्टरनेटिव्ह रॉक हे नाव मिळालं, त्या संगीताच्या उगमापाशी ही तबकडी उभी आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या २००९ सालच्या यादीत तिला जागा दिली. ती ज्यांनी विकत घेतली त्यांनी ती कपाटात ठेवून दिली नाही, वाजवली. कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांवर आणि वसतिगृहांच्या खोल्यांत, हलक्याभारी सुयांखाली ती झिजत गेली. आज अशी एखादी प्रत संगणकात उतरवून दुरुस्त करायला घेतली, की तंत्राच्याही आधी एक प्रश्न समोर येतो: नेमकं काय दुरुस्त करायचं? माझं मत असं, की काळानं जे घातलं ते काढावं आणि माणसांनी जे घातलं ते ठेवावं, त्यांचं चुकलं असेल तरीसुद्धा. म्हणायला हे सोपं आहे. पण काळाचं कुठलं आणि माणसांचं कुठलं हे ओळखण्यातच या कामाचा सगळा कस लागतो.

या गाण्याच्या बाबतीत तर ‘मूळ’ कशाला म्हणायचं, हेच आधी ठरवावं लागतं. एप्रिल १९८१ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम इथे मिच ईस्टर यांच्या ड्राइव्ह-इन स्टुडिओत त्याचं ध्वनिमुद्रण झालं. स्टुडिओ म्हणजे ईस्टर यांच्या आईवडिलांच्या घराचं गॅरेज. ईस्टर यांनी एक मिश्रण केलं, हिब-टोनचे जॉनी हिबर्ट यांनी आपल्या पद्धतीनं दुसरं केलं, आणि तबकडीवर गेलं ते हिबर्ट यांचं. त्यापुढचं मास्टरिंग, म्हणजे तबकडीसाठी आवाज तयार करण्याचं काम, असं झालं की सगळं जरा गढूळ ऐकू येतं. गिटारीच्या तारांचं लखलखणं दबलं आणि स्टाइप यांचे मुळातच अस्पष्ट ठेवलेले शब्द आणखी आत बुडाले. गिटारवादक बक यांना हे मास्टरिंग अजिबात रुचलं नव्हतं. तरीही १९८१ मध्ये लोकांनी जे ऐकलं, ज्याच्यावर लिहिलं गेलं, ज्याच्यामुळे या चार तरुणांचं नाव गावाबाहेर गेलं, ते हेच गढूळ गाणं. गॅरेजमधल्या टेपवर जे होतं ते त्यामागचं साहित्य. जगाच्या हाती आली ती तबकडी.

टेपवरचा आवाज तबकडीत कसा जातो हे पाहिलं, की प्रत्येक टप्प्यावर कुणाचा ना कुणाचा हात लागलेला दिसतो. आधी लॅकरचा थर दिलेल्या चकतीवर आवाजाची खाच कोरली जाते. तिच्यावरून धातूचे साचे बनतात आणि साच्यांतून प्लॅस्टिकच्या प्रती दाबून निघतात. कोरताना खर्जाचा आवाज कमी करावा लागतो, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की शेजारच्या खाचेत शिरेल. बारीक, टिपेचे आवाज उलट वाढवून कोरतात, म्हणजे प्लॅस्टिकची अंगची खरखर त्यांच्याखाली झाकली जाते. ऐकताना हे गणित उलटं फिरवलं जातं. १९५४ पासून अमेरिकेत यासाठी आरआयएए नावाचं एकच प्रमाण रूढ आहे, आणि ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना ही वाढ-घट सुमारे २० डेसिबलची असते. कोरणाऱ्याचे निर्णय या प्रमाणाच्या पलीकडचे असतात. आवाज किती मोठा ठेवायचा, तीव्र स्वर कुठे आवरायचे, खर्ज किती सोडायचा, हे तो ठरवतो. म्हणून तबकडीतून येणाऱ्या नको असलेल्या आवाजाचे तीन थर मी वेगळे मानतो. पहिला त्या एका प्रतीचा: धूळ, ओरखडे, बोटांचे डाग, सुईनं केलेली झीज. दुसरा कारखान्याचा: साच्यातला दोष, प्लॅस्टिकची खरखर, मध्याला न पडलेलं भोक. तिसरा करणाऱ्यांचा: टेपचा सूक्ष्म फुत्कार, गॅरेजचा दबका घुमारा, गढूळ मास्टरिंग. पहिला थर निःसंशय काढायचा आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. खरी कसोटी दुसऱ्याची.

दुरुस्तीचं अर्ध्याहून अधिक काम संगणक सुरू करण्याआधीच होऊन जातं, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. तबकडी शुद्ध पाण्यानं आणि सौम्य साबणी द्रावणानं धुऊन, ओलावा शोषून घेणाऱ्या यंत्रावर कोरडी केली, की जी टकटक ‘ओरखडा’ समजली जात होती तिच्यातली बरीचशी निव्वळ मळ होती असं कळतं. सुईचं टोक बदललं तर ते खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकतं, आणि जुन्या सुयांनी न झिजवलेली जागा सापडू शकते. मिनिटाला ४५ फेऱ्या घेणाऱ्या सात इंची तबकडीवर सुरुवातीला सुईखालून सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर खाच सरकते आणि शेवटाकडे जेमतेम २५. तेवढ्याच क्षणाचा आवाज कमी जागेत कोंबलेला असतो, म्हणून शेवटी झांजा फाटल्यासारख्या वाटतात. बारीक टोकाची सुई नीट जुळवली तर हे फाटणं बरंच कमी होतं, म्हणजे तो दोष पुष्कळसा वाजवण्याचा होता, गाण्याचा नव्हता. भोक मध्याला नसेल तर दर फेरीला स्वर किंचित वरखाली हेलकावतो. तिथेही तबकडी हातानं सरकवून मध्य साधावा, संगणकानं स्वर सरळ करायला निघू नये. गिटारवादकानं मुद्दाम दिलेला कंप आणि भोकानं दिलेला हेलकावा यांतला फरक संगणकाला कळेलच असं नाही. हे सगळं झाल्यावर २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झवर, वर भरपूर जागा ठेवून नोंद घ्यायची, कारण ओरखड्याचा टणत्कार गाण्यातल्या सर्वांत मोठ्या ठोक्याच्याही वर जातो.

त्यानंतर येते टकटक काढण्याची पाळी. संगणक आवाजाच्या रेषेत अचानक उसळलेली टोकं शोधतो, तेवढा मिलिसेकंदाच्या आसपासचा तुकडा उचलतो आणि आजूबाजूच्या रेषेवरून मधली जागा अंदाजानं भरतो. हा अंदाज बहुतेक वेळा इतका बरोबर असतो की कानाला सांधा लागत नाही. धोका दुसरीकडे आहे. ड्रमच्या कडेवर पडलेली काठी आणि तारेला छेडणारी नखी यांचा पहिला क्षणही तसाच टोकदार असतो. यंत्राला मोकळं सोडलं तर ते बेरी यांच्या काठीला धूळ समजतं. गाण्याची धार बोथट होते, आणि स्वच्छतेच्या आनंदात ते लक्षातही येत नाही. यावर एक उपाय जाणकार वापरतात आणि तो मला या साऱ्या विद्येतला सर्वांत प्रामाणिक वाटतो. दुरुस्त आवाज ऐकण्याऐवजी काढून टाकलेला आवाज ऐकायचा. त्यात नुसती टकटक असेल तर काम ठीक झालं. त्यात ताल ऐकू आला, तर आपण संगीत कापतो आहोत.

सलग खरखरीचं प्रकरण याहून नाजूक आहे. गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खाचेतला नमुना घेऊन तेवढी खरखर सगळ्या गाण्यातून वजा करता येते. पण ही वजाबाकी जरा जास्त झाली की झांजांची शेपटी तुटते आणि आवाजाला पाण्याखालून आल्यासारखा लोळ येतो. शिवाय प्रत्येक खरखर परकी नसते. १९८३ मध्ये ‘मर्मर’ या आल्बमसाठी हेच गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित झालं. त्याच्या आरंभी ऐकू येणारा विचित्र आवाज हा यंत्रणेतला एक भरकटलेला गुंजारव आहे. तो टेपवर आला होता, आणि ईस्टर यांनी तो बासच्या लयीत उघडझाप करून मुद्दाम गाण्यात घेतला. खरखर काढणाऱ्या यंत्राच्या दृष्टीनं तो दोषच. निर्मात्याच्या दृष्टीनं ती सुरुवात आहे. मग ओळखायचं कसं? तुलना करून. एकाच साच्यातल्या दोन प्रती उतरवून शेजारी ठेवाव्यात. आवाज एकीतच असेल तर तो त्या प्रतीचा. दोन्हींत त्याच जागी असेल तर तो साच्याचा किंवा त्याच्याही मागचा. तोच आवाज टेपवरून निघालेल्या दुसऱ्या प्रकाशनातही सापडला, तर तो करणाऱ्यांच्या खोलीतला. साच्याचा दोष कुणी ठरवून केलेला नसतो, म्हणून तो काढायला माझी हरकत नाही. अट एवढीच, की तो साच्याचा आहे हे दाखवता आलं पाहिजे. संशय उरला तर ठेवावा.

यावर पहिला आक्षेप रसिकांचा येतो. तबकडीची चरचर हाच तर तिचा जिव्हाळा, ती काढली की गाणं निर्जीव होतं, असं ते म्हणतात. या भावनेचा मला आदर आहे. पण ती चरचर प्रत्येक प्रतीत वेगळी असते. एका तबकडीवरचा ओरखडा पहिल्या कडव्यात असेल, दुसरीवरचा शेवटच्या. जे सात हजार प्रतींत सात हजार प्रकारचं आहे ते गाण्याचं अंग कसं असेल? ती त्या प्रतीच्या मालकाची आठवण आहे, आणि ती जपायला मूळ तबकडी आहेच. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. १९८८ च्या ‘एपॉनिमस’ या संग्रहात मूळ सिंगल अधिकृतपणे आलं, रेडिओ फ्री युरोप या प्रसारण संस्थेच्या पंचाहत्तरीनिमित्त २०२५ मध्येही आलं, मग झिजलेल्या तबकडीमागे कशाला लागायचं? कारण पुनर्प्रकाशनासाठी आवाज नव्यानं बसवला जातो, त्या त्या काळाच्या माध्यमाला आणि सवयीला धरून. त्यात गैर काही नाही. परंतु १९८१ च्या हिवाळ्यात रेडिओवरून काय ऐकू आलं याचा पुरावा त्या खाचेतच आहे, आणि ती खाच दर वाजवणीला थोडी थोडी कमी होते आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा. ज्यांचं गाणं त्यांनाच ते गढूळ मास्टरिंग नको होतं. आज स्वर उजळवणारी साधनं आहेत, वाद्यांपासून आवाज वेगळा काढणारी संगणकीय बुद्धी आहे, मग ते सुधारलं तर कलावंताचीच इच्छा पूर्ण होणार नाही का? याचं उत्तर या बँडच्या इतिहासातच आहे. सुधारण्याची संधी त्यांना लवकरच मिळाली. ‘मर्मर’साठी शार्लटच्या रिफ्लेक्शन स्टुडिओत ईस्टर आणि डॉन डिक्सन यांच्याबरोबर त्यांनी गाणं नव्यानं केलं, अधिक संथ, अधिक नेटकं. पाच वर्षांनी निवडक गाण्यांचा संग्रह काढायची वेळ आली तेव्हा मात्र त्यात घेतलं ते हिब-टोनचं जुनं गाणं. कलावंताची नाराजी १९८१ ची होती, निवड १९८८ ची. मधल्या काळात कुणी पहिल्या नाराजीवर विसंबून जुनं रूप ‘दुरुस्त’ करून टाकलं असतं, तर निवडायला काय उरलं असतं? कलावंताचं मन बदलतं, काळाची रुची बदलते, म्हणूनच दुरुस्त करणाऱ्यानं आपली रुची बाजूला ठेवावी. नवं रूप करायचं असेल तर खुशाल करावं, पण त्याला नवं म्हणावं. २०२५ च्या प्रकाशनात जॅकनाइफ ली यांचं रीमिक्स आहे आणि ते रीमिक्स म्हणूनच छापलं आहे. प्रामाणिकपणा एवढाच लागतो.

हा विवेक एका अमेरिकी गाण्यापुरता नाही. बालगंधर्वांच्या काळातलं आपलं नाट्यसंगीत ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर उतरलेलं आहे, आणि त्यातल्या कित्येक गाण्यांना मागे परतायला टेपसुद्धा नाही. टेपच तेव्हा आपल्याकडे आली नव्हती. तिथे खरखर फार पुसली तर ऑर्गनचा श्वास आणि स्वराच्या शेवटी रेंगाळणारी आस तिच्याबरोबर जाते, आणि पुढचा ऐकणारा समजतो की गायकानं स्वर तिथेच सोडला होता. म्हणून ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या आहेत, त्या इंग्रजी असोत की मराठी, त्यांना माझी विनंती आहे. उतरवताना पहिली नोंद कसलीही सफाई न करता घ्या आणि ती कायम जपा. दुरुस्ती करायची ती तिच्या नकलेवर करा. कोणती सुई वापरली, काय काढलं, किती काढलं, हे सोबत लिहून ठेवा. आणि काम झाल्यावर तबकडी टाकून देऊ नका. आपल्याहून चांगले कान आणि चांगली साधनं घेऊन कुणी पुढे येईल, तेव्हा त्याला सुरुवात तिथूनच करावी लागेल.