खिशातले तीन किटकॅट

दर दिवाळीत पाडव्याच्या दिवशी आमच्या घरी केरळातून एक फोन येतो. अण्णा फोन घेऊन अंगणात जातात, दहा-पंधरा मिनिटं हिंदीत बोलतात आणि आत येऊन गुपचूप चकलीच्या डब्यात हात घालतात. "कुणाचा होता हो?" असं आईने विचारलं की ठरलेलं उत्तर, "जहाजावरचा एक जण." लहानपणापासून मी हे ऐकत आले. हा 'एक जण' कोण, ते मागच्या दिवाळीत कळलं, आणि तेही माझ्या अतिशहाणपणामुळे!

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात फौजेत गेलेले घराघरात सापडतील, पण नेव्हीत गेलेले अण्णा एकटेच. १९९० साली भरती झाले, जामनगरला आयएनएस वालसुरावर इलेक्ट्रिकलचं ट्रेनिंग घेतलं आणि मग १५ वर्षांची नोकरी, त्यातली बरीचशी जहाजांवर. आता शेती करतात आणि गावातल्या मोटारी दुरुस्त करतात. त्यांची एक सवय अख्ख्या गावाला पाठ आहे. कुणाच्याही विहिरीवर गेले तरी आधी मेन स्विच पाडायचा, तिन्ही किटकॅट उपसायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. मग मीटर आधी चालू लाइनवर लावून बघायचा, मग बंद केलेल्या लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. का, तर मधल्या वेळात मीटरच बिघडला असेल तर? हे सगळं झाल्यावर स्क्रूला हात. लोक हसतात. "अण्णा, किटकॅट काय चोरीला जाणारेत व्हय?"

मीही हसायचे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याबरोबर विहिरीवर गेले होते. एका मोटारीच्या बॉडीला करंट येत होता. आमचा न्यूट्रल ग्राउंडिंगचा धडा नुकताच झाला होता, त्यामुळे अंगात वारं शिरलेलं. मी म्हटलं, "अण्णा, तुमचं जहाजावर बरं होतं. तिथे न्यूट्रल अर्थच करत नाहीत. म्हणजे एका वायरला हात लागला तरी सर्किट पुरं होत नाही. शॉक बसायचा प्रश्नच नाही! क्लास टेस्टला हेच लिहिलं, पाचपैकी पाच मिळाले."

अण्णांनी पक्कड खाली ठेवली.

"असं कुठं लिहिलंय?"

"नोट्समध्ये."

"हां. त्यालाही असंच वाटत होतं."

आणि विहिरीच्या कठड्यावर बसून अण्णांनी मला जी गोष्ट सांगितली, ती सांगण्याआधी मित्रांनो, थोडं टेक्निकल. कंटाळू नका, पुढे लागणार आहे.

आपल्याकडे लाइट गेली की आपण वायरमनला फोन लावतो. भर समुद्रात कुणाला लावणार? जहाजाला आपली वीज आपणच तयार करावी लागते. पाश्चात्त्य पद्धतीच्या युद्धनौकांवर ती साधारणपणे ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ, थ्री फेज असते. रशियन पद्धतीच्या जहाजांवर ३८० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सगळे जनरेटर एकाच ठिकाणी ठेवत नाहीत. काही पुढे, काही मागे, स्विचबोर्डही वेगवेगळे. एकीकडे मार बसला तरी दुसरीकडून वीज मिळाली पाहिजे. स्टिअरिंग, फायर पंप, रडार यांना दोन्हीकडून सप्लाय दिलेला असतो. २०२२ साली नौदलात आलेल्या आयएनएस विक्रांतवर तर ३ मेगावॉटचे ८ डिझेल जनरेटर आहेत. म्हणजे २४ मेगावॉटचं एक पॉवर स्टेशनच पाण्यावर तरंगतंय!

आणि वीज गेली तर? ब्रिटिश नौदलाच्या टाइप ४५ जातीच्या विनाशिकांवर प्रोपेलरसुद्धा विजेच्या मोटारीवर फिरतो. उष्ण समुद्रात त्यांच्या गॅस टर्बाइनच्या कूलिंगला ताण यायचा, आणि अख्खं जहाज अंधारात जाऊन जागच्या जागी थांबायचे प्रकार घडले. शेवटी त्यातले २ डिझेल जनरेटर काढून ३ मोठे बसवायचं काम हाती घ्यावं लागलं. युद्धात असं झालं तर काय, ते सांगायला नको.

म्हणूनच युद्धनौकेवर न्यूट्रल जहाजाच्या बॉडीला जोडत नाहीत. घरी एक फेज अर्थला टेकला की फ्यूज उडतो. जहाजावर एक फेज बॉडीला टेकला तरी काहीच होत नाही. पंप चालू, रडार चालू. पहिला फॉल्ट माफ! पण दुसरा फेज दुसऱ्या कुठे टेकला की थेट शॉर्ट सर्किट. म्हणून पहिला फॉल्ट झाल्याचं कळायला स्विचबोर्डवर तीन दिवे असतात, प्रत्येक फेज आणि बॉडीच्या मध्ये एक. सगळं ठीक असेल तर तिन्ही सारखे जळतात. एखादा फेज बॉडीला टेकला की त्याचा दिवा मंद होतो किंवा विझतो आणि बाकीचे दोन जास्त प्रकाशतात. आजच्या जहाजांवर इन्सुलेशन मोजणारी यंत्रं असतात, पण तत्त्व तेच.

आता अण्णांची गोष्ट.

१९९७ चा मे महिना, जहाज अरबी समुद्रात. रात्रीच्या वॉचला अण्णा स्विचबोर्डवर होते. तीनपैकी एक दिवा विझलेला दिसला. फॉल्ट शोधायची पद्धत सोपी: एकेक फीडर बंद करायचा, ज्याला बंद केल्यावर दिवा पुन्हा पेटेल त्याच्यावर फॉल्ट. पण फीडर बंद करायचा म्हणजे त्याच्यावरची यंत्रणा बंद. सराव चालू होता, परवानगी मिळेना. अण्णांनी लॉगमध्ये लिहिलं, 'एका फेजवर अर्थ, शोधणे बाकी', वॉच संपल्यावर पुढच्या माणसाला तोंडी सांगितलं आणि झोपायला गेले. नियमाप्रमाणे सगळं बरोबर!

सकाळी त्यांच्याच मेसमधला एक पोरगा एका व्हेंटिलेशन फॅनच्या कामाला गेला. खाली उकाडा असा की कपडे पिळून काढावेत. त्याने ब्रेकर पाडला, पण शेजारच्या फॅनचा. किटकॅट काढले नाहीत, पाटी लावली नाही, मीटर लावला नाही. बरोबर सेफ्टीला माणूस हवा, तोही नव्हता. आणि वर डोक्यात तेच वाक्य: न्यूट्रल अर्थ नाही, एका वायरने काय होतंय? उजव्या हाताची बोटं टर्मिनलला लागली. गुडघे लोखंडी डेकवर टेकलेले.

"मी पळत गेलो तेव्हा त्याला ओढून काढला होता," अण्णा म्हणाले. "श्वास नव्हता. आम्ही दोघांनी आळीपाळीने छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. किती वेळ, माहीत नाही. शेवटी खोकला. वाचला. दोन बोटं मात्र काढावी लागली." मग बराच वेळ गप्प. "दिवा मी बघितला होता गं. लिहून ठेवला आणि झोपलो. कागदावर माझी चूक कुठेच नाही."

अण्णांनी हे आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत!

त्या रात्री मी वही घेऊन बसले. एक फेज बॉडीला टेकलेला, म्हणजे जहाजाची अख्खी बॉडीच त्या फेजच्या व्होल्टेजवर. दुसऱ्या फेजला हात लावला की अंगावर २५४ नाही, पूर्ण ४४० व्होल्ट. घामाने भिजलेल्या शरीराचा रेझिस्टन्स २००० ओहम धरला तर करंट ०.२२ अँपियर. १०-१५ मिलिअँपियरला हाताची पकड सुटत नाही, १०० मिलिअँपियरच्या आसपास हृदयाची लय बिघडू शकते. हे तर २२० झाले! आणि मोठ्या ब्रेकरला ०.२२ अँपियर म्हणजे काहीच नाही, तो कशाला ट्रिप होतोय?

मग वाटलं, बरं, फॉल्ट नसता तर? तिन्ही दिवे ठीक असते तर माझं वाक्य खरं झालं असतं ना? तेही नाही. जहाजात मैलोन्‌मैल केबल असते, आणि केबल आणि बॉडी मिळून एक कपॅसिटरच होतो. त्यात यंत्रांच्या फिल्टरमधले कपॅसिटर वेगळेच. सगळे मिळून १० मायक्रोफॅरड धरा. ६० हर्ट्झला रिअ‍ॅक्टन्स फक्त २६५ ओहम! २५४ व्होल्ट आणि २००० ओहमचा माणूस घेतला तर करंट येतो सुमारे १२६ मिलिअँपियर. म्हणजे न्यूट्रल जोडलेला नसला तरी सर्किट पुरं होतंच, आपण फक्त ते कागदावर काढलेलं नसतं. मला मिळालेले पाचपैकी पाच मार्क माणूस मारायला पुरेसे होते.

हा धडा नवा नाही. १८८१ साली ब्रिटिश नौदलात आलेल्या एचएमएस इन्फ्लेक्झिबलवर विजेचे दिवे होते, सप्लाय ८०० व्होल्टचा. १८८२ मध्ये त्याच जहाजावर शॉकने एक जण गेला, त्या नौदलातला विजेचा पहिला बळी. त्यानंतर जहाजांवरच्या दिव्यांसाठी ८० व्होल्ट ठरवण्यात आले. आपण वहीत अंडरलाइन करतो त्या नियमांमागे कुणीतरी माणूस असतो. नाव आपल्याला माहीत नसतं, एवढंच.

सुट्टी संपवून कॉलेजला आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर सरांकडे जाऊन ते उत्तर चुकीचं असल्याचं सांगितलं. सरांनी आकडेमोड बघितली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर मांडायला लावली. (मार्क कापले नाहीत, ही त्यांची कृपा!) दुसरं काम म्हणजे, मशीन लॅबमध्ये आमच्या बॅचचे किटकॅट आता माझ्या एप्रनच्या खिशात असतात. कनेक्शन बदलायचं असलं की आधी किटकॅट खिशात, मग मीटर तीनदा, मग हात. सुरुवातीला पोरांनी मला 'किटकॅट ताई' नाव ठेवलं. ठेवू देत. परवा दुसरी एक बॅच अल्टरनेटर सिंक्रोनाइझ करत होती, तेव्हा त्यातल्या एकाने आपणहून विचारलं, "ए, आपले फ्यूज कुणाच्या खिशात आहेत?" मला एवढा आनंद सबमिशन संपल्यावरही झाला नव्हता!

तुम्हाला एवढंच सांगायचंय. 'सर्किट बंद आहे' असं दुसऱ्याने सांगितलं म्हणून हात घालू नका. आणि विझलेला दिवा दिसला तर नुसता लिहून ठेवू नका, जो पुढे हात घालणार आहे त्याच्यापर्यंत जा आणि त्याला सांगा.

यंदा पाडव्याला फोन आला तेव्हा अण्णांनी तो माझ्या हातात दिला. काय बोलावं सुचेना. पलीकडून खणखणीत आवाज, "बेटी, इलेक्ट्रिकल में हो ना? फ्यूज निकाल के कहाँ रखती हो?"

"जेब में, अंकल."

"शाबाश," ते म्हणाले, "अब पापा को फोन दो."