बटणावर मराठी हवं

मिनी प्रोजेक्टला आमच्या वर्गातल्या निम्म्यांनी लायब्ररी घेतली, उरलेल्यांनी हॉस्टेल. मी घरच्या दुकानाची उधारीची वही घेतली. बाबांची अट एकच: "बटणावर मराठी दिसू दे. इंग्रजी वाचत बसलो तर गिऱ्हाईक निघून जाईल." बेळगावात पाटी कानडी, बिल इंग्रजी, पण वही मात्र मराठीच की.

लॅबमध्ये आम्ही टर्बो सी++ वापरतो. १९९० च्या सुमाराची ही चीज, डॉसच्या निळ्या पडद्यावर चालणारी. शिकायला झकास, पण देवनागरी तिथं उमटत नाही. शिवाय तिचा 'इंट' १६ बिटांचा, ३२,७६७ च्या वर गेला की उलटतो. मुद्दाम ४०,००० ची उधारी भरून पाहिली, तर उणे २५,५३६ आले. म्हणजे आम्हीच गिऱ्हाइकाचं देणं लागतो! ('लाँग' वापरला की हे टळतं, देवनागरीचं काय?) व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये बटण ओढून ठेवता येतं, पण ते १९९८ चं, त्याच्या नेहमीच्या बटणाला युनिकोड कळत नाही. आजचा व्हिज्युअल स्टुडिओ सगळं करतो, फक्त त्याला कित्येक जीबी जागा लागते आणि माझा लॅपटॉप दादाचा जुना.

शेवटी लाझारस घेतलं. भाषा पास्कल, कंपायलर फ्री पास्कल, दोन्ही फुकट. नावाची गोष्ट मला फार आवडली: मेगिडो नावाचा आधीचा प्रयत्न बंद पडला, त्यानंतर १९९९ मध्ये हा उभा राहिला, म्हणून बायबलमधल्या कबरीतून उठलेल्या लाजराचं नाव.

खिडकी मांडणारं साधन वेगळं आणि कंपायलर वेगळा, हे मला इथं नीट कळलं. मी माऊसनं बटण ठेवते तेव्हा लाझारस एका फाइलीत टिपून ठेवतं: बटण कुठं, किती रुंद, त्यावर काय लिहिलंय. 'जमा' दाबल्यावर काय व्हायचं ते पास्कलमध्ये मीच लिहायचं, आणि त्याची यंत्रभाषा फ्री पास्कल करतो. हातात येते एकच चालणारी फाइल. दुकानातल्या संगणकावर दुसरं काही बसवावं लागत नाही. तिथं नेट नाही, त्यामुळं हे मोलाचं.

सर म्हणाले, "पास्कल? नोकरीच्या जाहिरातीत दिसतं का कुठं?" फारसं दिसत नाही, खरं आहे. परीक्षेला सी++ लिहीनच.

बाबांनी पहिल्याच दिवशी रकमेच्या चौकटीत '२५०' मराठीत टाइप केलं. आकड्यात बदलताना फ्री पास्कलला इंग्रजी अंकच चालतात. मग देवनागरी अंक आधी बदलून घेणारं छोटं फंक्शन लिहिलं. आता नावं अकारविल्हे लावायची आहेत. युनिकोडमध्ये 'ळ' येतो 'ल'च्या पाठोपाठ, आपल्या वर्णमालेत 'ह'च्या नंतर. म्हणून यादीत काळे आधी आणि काशीद मागून. वहीत नेमकं उलट. सबमिशनला अजून आठवडा आहे.